ओट्यावरचे खिळे

तापीच्या मुखाशी, सुरतेच्या पश्चिमेस, हजीरा नावाचे गाव आहे. पोलादाचा व खतांचा कारखाना, वायूची कोठारे, मोठे बंदर आणि २०२० पासून समुद्रापलीकडील घोघ्याशी सुरू झालेली जलवाहतूक यांमुळे ते नाव आज सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु उद्योगधंद्यांच्या वर्णनात शिरण्याचा आमचा विचार नाही. वाचकांचे लक्ष आम्हांस त्या शब्दाकडे वेधावयाचे आहे. गुजरातीत ‘हजीरो’ म्हणजे मकबरा. अहमदाबादेत बादशाहाचा हजीरा आणि राणीचा हजीरा प्रसिद्ध आहेत. बडोद्यात अकबराचा सरदार कुतुबुद्दीन महंमदखान याच्या कबरीची इमारतही हजीरा याच नावाने ओळखली जाते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र याहून साधा आहे : कुंपण घातलेली जागा.

कुंपण दोन कामे करते. आत जे आहे त्याची राखण करते, आणि बाहेर जो आहे त्याला बाहेरच ठेवते. यांपैकी पहिल्या कामाचा इतिहास आपण आवडीने लिहितो. दुर्ग, तट, प्राकार, महाद्वारे यांवर आपल्याकडे ग्रंथ आहेत. दुसऱ्या कामाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. कुंपणाबाहेर रात्र काढणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर गावाची बांधणी कशी दिसते, तिच्यात गेल्या चार शतकांत कोणता पालट झाला, आणि त्या पालटाला कलावंतांनी काय उत्तर दिले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुरतेची सराई

हजीऱ्याला लागूनच सुवाळीचा किनारा आहे. सतराव्या शतकात परदेशांची गलबते तेथे नांगर टाकीत आणि उतारू सुरतेस जात. मक्केच्या यात्रेला निघालेले सहस्रावधी यात्रेकरूही याच शहरातून जहाजावर चढत. या वाटसरूंसाठी १६४४ साली, शाहजहानच्या राज्यात, इसहाक बेग यझदी ऊर्फ हकीकतखान याने सुरतेत एक सराई बांधली. मुघल सराई या नावाने ती आजही उभी आहे. मधला विस्तीर्ण चौक, भोवती खोल्यांच्या ओळी, आणि थकलेल्या माणसाला व जनावराला एकाच दारातून आत घेणारी कमान, असा तिचा घाट. पुढे एकोणिसाव्या शतकात तिच्यात नगरपालिकेची कचेरी आली, आणि ज्या वास्तूत परक्या माणसाला रात्रीचा निवारा मिळे तिच्यातून शहराचा कारभार चालू लागला.

त्या काळची सुरत केवळ दयेची नगरी होती असे मात्र कोणी समजू नये. ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघाला होता. त्याचा प्रवासवृत्तान्त १६९६ साली लंडनला छापून निघाला. येथील जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन करताना तो लिहितो की, पिसवा-ढेकणांसारख्या जीवांसाठीही एक वेगळी जागा होती, आणि त्या जीवांना आहार मिळावा म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथील खाटेवर निजविण्यात येई. परक्याच्या डोळ्यांना नवल वाटले म्हणून त्याने त्यात तिखटमीठ लावले असेल. भूतदयेची चेष्टा करण्याचा मोह त्या काळच्या युरोपीय प्रवाशांना फार होता. तथापि या वृत्तान्तातील गरीब माणूस आम्हांस विसरता येत नाही. दया सर्वांवर होती, परंतु निजण्यासाठी स्वतःची खाट नसलेल्या त्या मनुष्यापर्यंत ती शेवटी पोहोचली, आणि तीही मोल ठरवून.

पार, ओटा, सोपो, अग्रशाळा

आपल्या गावांची जुनी बांधणी पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. घराचा सर्वांत बाहेरचा भाग हा घरमालकाचा असूनही पूर्णपणे त्याचा नसे. महाराष्ट्रातील घराची ओसरी व ओटा, गुजरातेतील ओटलो, गोमंतकातील घरापुढचा सोपो ही सगळी एकाच कुळातील नावे आहेत. उन्हातून आलेला माणूस तेथे टेकला तर ‘तू कोण’ असे विचारण्याआधी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या ठेवण्याची रीत होती. गावाच्या मध्यभागी वडापिंपळाचा पार, वेशीबाहेर धर्मशाळा, वाटेवर पाणपोई. बारवा, घाट व धर्मशाळा बांधून देणे हे राजधर्माचे अंग मानले जाई. अहिल्याबाई होळकरांचे नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत आजही लोकांच्या तोंडी आहे ते या कामामुळेच.

गोमंतकातील देवस्थानांच्या बाबतीत या रचनेला आणखी एक अर्थ आहे, आणि आमच्या वाचकांस तो सांगावयास नको. सोळाव्या शतकात, विशेषतः १५६० च्या सुमारास व त्यानंतरच्या वर्षांत, साष्टी भागातील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून आलेल्या या देवतांना अंत्रुज महालातील लोकांनी जागा दिली. आज कवळ्यास आपण जे भव्य देऊळ पाहतो ते १७३८ साली शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. मंगेशीस पेशव्यांनी १७३९ मध्ये गाव इनाम दिला. त्याआधीची पावणेदोनशे वर्षे मात्र या देवता दुसऱ्याच्या गावात आश्रयाला होत्या. देऊळ उभारताना त्याच्या भोवती अग्रशाळा बांधल्या गेल्या त्या कुळावी-महाजनांच्या सोयीसाठी हे खरे. परंतु ज्यांच्या देवालाच एकदा घर सोडावे लागले, त्यांनी आंगणाभोवती निजण्याची जागा ठेवावी यात नवल ते काय?

पंढरीच्या कथेतही हीच गोष्ट आहे. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याला उठता येईना, म्हणून त्याने पाहुण्याला उभे राहण्यापुरती एक वीट दिली. आल्यागेल्याला टेकण्यापुरती तरी जागा द्यावी, ही मराठी मनाची आतिथ्याची सर्वांत लहान कल्पना. त्याहून लहान कल्पना आपल्या परंपरेत नाही.

परंतु इतिहास लिहावयाचा तर तो पुरता लिहिला पाहिजे. हा पार आणि ही पायरी सर्वांची नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. हयातीत ज्याला आत जाता आले नाही त्याची जागा मृत्यूनंतरही उंबऱ्याबाहेरच राहिली. पंढरपूरचे देऊळ हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे ते द्वार उघडले. तेव्हा जुन्या गावात लोखंडाचे खिळे नव्हते याचा अर्थ मज्जाव नव्हता असा नाही. मज्जाव रूढीत होता, म्हणून तो दगडात कोरण्याची गरज पडत नसे. आजच्या शहरात ती रूढी उघडपणे बोलता येत नाही, म्हणून तिचे काम लोखंडाकडे आणि सिमेंटाकडे सोपविलेले दिसते.

मुंबईचा पदपथ

मुंबईत गिरण्या आल्या, गोदी आली, आणि कामाला माणसे लागली. काम देणाऱ्यांनी हातांची मोजदाद केली. पाठ टेकण्याची व्यवस्था ज्याची त्याने पाहावी असे धरून चालले. चाळीत जागा मिळाली त्याची चाळीत सोय झाली, उरलेला पदपथावर आला. मराठी साहित्याला या पदपथाची ओळख फार जवळची आहे. कवी नारायण सुर्वे हे तान्हे असताना रस्त्यावर टाकून दिलेले मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी नेले व आपले नाव दिले. १९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला आणि पदपथावर टाकलेल्या मुलाने मराठी कवितेत आपली जागा घेतली. दुसऱ्याच वर्षी जयवंत दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच १९६३ मधील ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘शहर और सपना’ या हिंदी चित्रपटात एक जोडपे रस्त्याकडेच्या मोठ्या नळात संसार मांडते. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या वर्षांत राज्य नवीन होते आणि आशा मोठ्या होत्या, त्याच वर्षांत आपल्या कलावंतांनी हे दुःख पाहून ठेवले होते.

कायद्याची दृष्टी निराळी होती. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने उघड्यावर भीक मागणाऱ्यास पकडून संस्थेत डांबण्याची तरतूद केली, आणि तो कायदा पुढे अनेक प्रांतांनी उचलला. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्र सरकारने पदपथावरील लोकांना हुसकून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा निर्णय केला. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसे गाड्यांत भरली गेली. याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस व काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि मनुष्य पदपथावर राहतो तो उपजीविका तेथून जवळ असते म्हणून, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. मात्र पदपथ चालण्यासाठी आहे, तेथे वस्ती करण्याचा हक्क कोणास नाही, असेही त्याच निर्णयात म्हटले, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, माणसे हलवू नयेत एवढी मुदत दिली. तत्त्वाचा विजय झाला, पण ज्याच्यासाठी तो व्हावयाचा त्याच्या डोक्यावर छप्पर आले नाही.

त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट आला. सुसज्ज दिवाणखान्यात शहराच्या सौंदर्याची काळजी वाहणारे लोक आणि मोडलेल्या झोपडीपुढे बसलेली माणसे यांची बोलणी त्याने एकापुढे एक ठेवली. स्वतः फारसे भाष्य केले नाही. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा भागात व मोठ्या रस्त्यांवर राहणाऱ्यांची मोजणी करून सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थ ‘आम्ही, न दिसणारे’ असा होता. मोजणीनंतर जे घडले ते आम्हांस कलेच्या इतिहासात नोंदवण्याजोगे वाटते. भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रिया ‘महिला मिलन’ या नावाने एकत्र आल्या आणि आपल्याला घर कसे हवे याचा विचार करू लागल्या. मोजपट्टीऐवजी त्यांनी आपल्या साडीने लांबी-उंची मापली. लाकूड आणि कापड यांची पुऱ्या आकाराची घरे उभारून त्यांचे प्रदर्शन भरविले. जागा लहान असली तरी भिंत चौदा फूट उंच हवी, म्हणजे आत पोटमाळा काढता येईल, हा त्यांचा स्वतःचा शोध होता. ज्यांना लोक अडथळा समजत होते त्यांनी शहराला घराचा नकाशा काढून दाखविला.

खिळ्यांचे युग

हुसकून लावण्याच्या जुन्या पद्धतीत निदान हुसकणारा समोर दिसे. नव्या पद्धतीत तोही दिसत नाही. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडे बसवावयाचे, म्हणजे दोघे-तिघे बसू शकतात पण एकालाही आडवे होता येत नाही. बसथांब्यावरची बैठक इतकी अरुंद व उतरती करावयाची की तीवर फक्त टेकता यावे. उड्डाणपुलाखालच्या जमिनीत टोकदार दगड सिमेंटात रोवावयाचे. दुकानाच्या पायरीवर सुळके लावावयाचे. कोणी ओरडत नाही, कोणी काठी उगारत नाही. परंतु निजावयास आलेला माणूस पुढे निघून जातो. लंडनच्या कॅमडन भागात २०१२ साली बसविलेला सिमेंटाचा बाक या विद्येचा नमुना म्हणून जगभर दाखविला जातो. त्याचा प्रत्येक पृष्ठभाग उताराचा आहे, आणि तो कशाकशासाठी वापरता येऊ नये याचाच त्याच्या घडणीत जास्त विचार आहे.

२०१४ च्या जून महिन्यात लंडनच्या साउथवर्क भागात श्रीमंतांच्या घरांच्या दारी असे सुळके लागले. लक्षावधी सह्यांच्या निषेधानंतर ते काढले गेले. मुंबईत मार्च २०१८ मध्ये फोर्ट भागातील एका बड्या बँकेच्या शाखेपुढे लोखंडी सुळक्यांची ओळच्या ओळ बसविलेली लोकांनी पाहिली. एका परदेशी वृत्तपत्राच्या वार्ताहराने तिचे छायाचित्र प्रसिद्ध केले, शहरात ओरड झाली, बँकेने दिलगिरी व्यक्त करून सुळके काढून टाकले. वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. आम्हांस मात्र यातील एक गोष्ट विशेष वाटते. ते सुळके ज्या ओट्यावर होते तो ओटा म्हणजे जुन्या घराच्या ओसरीचाच वंशज आहे. मालकी मालकाची, उपयोग आल्यागेल्याचा, ही जी दोन शब्दांची समजूत होती तीच खिळ्यांनी मोडली.

कलावंतांची उत्तरे

जगातील कलावंतांनी या बांधणीला दिलेली उत्तरे साधारण तीन प्रकारची दिसतात.

पहिला प्रकार दाखवून देण्याचा. २००३ साली जिल पाते आणि स्तेफान आर्जिये या फ्रेंच कलावंतांनी पॅरिसमध्ये एक लहानसा चित्रपट केला. त्यात एक मनुष्य शहरातल्या सुळक्यांवर, उतरत्या कठड्यांवर, दांडे लावलेल्या बाकांवर आडवा होण्याचा प्रयत्न करतो. चित्रपटाचे नाव ‘फकिराची विश्रांती’. खिळ्यांच्या शय्येवर निजलेला हिंदुस्थानी साधू हे युरोपातील जुने कुतूहल; त्याचाच येथे उपयोग केला आहे. या नावावर आपण थोडे थांबले पाहिजे. आपल्या परंपरेत काटेरी शय्या अपरिचित नाही. भीष्म शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहत राहिले. परंतु ती त्यांनी स्वतः पत्करलेली होती. स्वतःसाठी पसरलेल्या काट्यांना तप म्हणतात. दुसऱ्याच्या वाटेवर पसरलेल्या काट्यांना आपल्या कोणत्याही शास्त्रात तप म्हटलेले नाही. जर्मन कलावंत फाबियान ब्रुन्सिंग याने २००८ मध्ये याच बोचऱ्या विनोदाने एक बाक तयार केला : नाणे टाकले की खिळे खाली जातात, वेळ संपली की पुन्हा वर येतात. अमेरिकेत सारा रॉस हिने २००५-०६ च्या सुमारास असे पोशाख शिवले की त्यांतील फुगीर भाग बाकाच्या दांड्यांमधील पोकळीत नेमके बसावे आणि मनुष्याला आडवे होता यावे. पाहणारा प्रथम हसतो; मग आपण कशाला हसलो हे त्याच्या ध्यानात येते.

दुसरा प्रकार झाकून टाकण्याचा. २०१५ साली लंडनच्या कर्टन रोडवर काही कलावंतांनी सुळक्यांवर गादी अंथरली आणि शेजारी पुस्तकांचे एक कपाट ठेवले. कोणाशी भांडण नाही, सुळके उपटणे नाही; त्यांच्यावर बिछाना घातला एवढेच. घरी पाहुणा आला असता आपण जे करतो तेच त्यांनी रस्त्यावर केले.

तिसरा प्रकार उपयोगी वस्तू घडविण्याचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत कठीण. पोलंडमध्ये जन्मलेल्या क्षिश्तोफ वोदिच्को याने १९८८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये, बाटल्या-डबे गोळा करून पोट भरणाऱ्या बेघरांशी बोलून, त्यांच्यासाठी एक हातगाडी तयार केली. तिच्यात सामान राहील आणि रात्री मनुष्यही निजू शकेल. मायकेल राकोवित्झ याने १९९८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे फुगणारे तंबू बनविले. इमारतीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्ण हवेला ते जोडले की फुगतात आणि आत ऊब येते. त्याने पहिला तंबू काळ्या पिशव्यांचा केला होता. बेघराला आडोसा हवा असेल अशी त्याची समजूत होती. ज्यांच्यासाठी तो केला त्यांनी सांगितले की आडोसा नको, आरपार दिसले पाहिजे. कोण जवळ येतो आहे हे आम्हांला कळावे आणि आम्ही आत आहोत हे लोकांना दिसावे. तेव्हापासून तंबू पारदर्शक झाले. भायखळ्याच्या स्त्रियांचा पोटमाळा आणि ही पारदर्शक पिशवी यांचा धडा एकच आहे. दान देणाऱ्याने विचारल्यावाचून दिलेली वस्तू पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या कल्पनेपुरतीच उपयोगी असते.

याच ओघात कॅनडाचा शिल्पकार टिमथी श्माल्झ याच्या २०१३ मधील शिल्पाचा उल्लेख करणे उचित होईल. रस्त्याकडेच्या बाकावर कोणी कांबळे पांघरून निजला आहे. चेहरा दिसत नाही. पायांवरच्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्यावर कळते की तो येशू आहे. पायांशी एका माणसाला बसण्यापुरती जागा शिल्पकाराने मोकळी ठेवली आहे. अमेरिकेत एका गावी हे शिल्प बसविले तेव्हा एका बाईंनी, खरोखरच कोणी निजला आहे असे समजून, पोलिसांना बोलाविले. धर्म निराळा असला तरी हा प्रसंग आपणांस परका वाटू नये. देव कोणत्या वेषात दारी येईल हे सांगता येत नाही, असे आपल्या आजीनेही आपल्याला सांगितलेले असते.

कला स्वतःच कुंपण होते तेव्हा

येथवर आम्ही कलेची बाजू घेतली. परंतु कला नेहमीच बाहेरच्याच्या बाजूने उभी असते असे नाही. माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये नानालाल मेहता उद्यान झाले. नर्मदेच्या प्रवाहाच्या वळणांप्रमाणे त्यातील पायवाट आखली आहे, आणि ते खरोखर रमणीय आहे. पुलाखालची ओसाड जागा नागरिकांनी खटपट करून स्वच्छ केली हे कौतुकास्पद होय. पण उद्यान म्हटले की कुंपण, फाटक आणि राखणदार आले. पुलाखालच्या सावलीत जो रात्र काढत असे त्याला या नर्मदेच्या काठी जागा नाही. शहरोशहरी पुलांखाली कुंड्यांच्या रांगा लागतात, खांबांवर चित्रे रंगतात. त्यांतील कोणती शोभेसाठी आहेत आणि कोणती जागा अडविण्यासाठी, हे दिवसा पाहून कळत नाही. रात्री जाऊन पाहावे लागते.

आणि ज्यांना रात्री जागा नसते त्यांची संख्या थोडी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक आणि गुजरातेत १ लाख ४४ हजार. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर दूरदेशीच्या रोग्यांचे नातलग पदपथावर निजतात. १९ जानेवारी २०२१ च्या पहाटे सुरत जिल्ह्यातील किम-मांडवी मार्गाच्या कडेला निजलेल्या मजुरांवर मालमोटार चढली आणि १५ जण मरण पावले. त्यांतील बहुतेक राजस्थानच्या बांसवाड्याकडून कामासाठी आलेले होते. मक्केच्या वाटसरूंसाठी पावणेचारशे वर्षांपूर्वी ज्या सुरतेत सराई उभी राहिली, त्याच सुरतेच्या मुलखात तिचे रस्ते आणि इमारती बांधणाऱ्याला रस्त्याची कड मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर १ लाख वस्तीमागे बारमाही निवारा असावा असा आदेश दिला आहे; तो पुरता अमलात आला असता तर असे पुष्कळ लोक छपराखाली असते.

गाडगेबाबांचे उत्तर

या सर्व उत्तरांत आमच्या दृष्टीने सर्वांत थोर उत्तर आपल्याच भूमीत दिले गेले आहे. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. गावात शिरावे, रस्ते झाडावेत, रात्री कीर्तनाला उभे राहावे. त्यांचे कीर्तन हे नाट्य होते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत, आणि त्या उत्तरात श्रोता स्वतःच सापडे. त्या कीर्तनांतून जमलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, ज्यांना इतर धर्मशाळांत प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी बांधलेली, त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत ते स्वतः यांपैकी कोणत्याही इमारतीत घर करून राहिले नाहीत. दुसऱ्यांसाठी छप्पर आणि स्वतःसाठी झाडाची सावली, असा त्यांचा हिशेब होता. कलावंताने काय करावे असा प्रश्न आज विचारला जातो. त्यांनी कीर्तन केले आणि त्यातून धर्मशाळा बांधली.

आता आमचा विषय आमच्याच आंगणात येतो. अलीकडे देवळांच्या जीर्णोद्धारात संगमरवर चढतो, आणि त्याबरोबर बाहेरच्या ओसरीला जाळी, कठड्याला टोकदार सळ्या, पायरीला कुलूपबंद फाटकही चढते. विश्वस्तांची अडचण आम्ही जाणतो. दागिन्यांची चोरी होते, दारूबाज येतात, घाण होते, पहाटे काकडआरतीला येणाऱ्या स्त्रियांना भीती वाटते. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु चोरीला उत्तर गाभाऱ्याचे कुलूप आहे, बाहेरच्या ओसरीवरचे खिळे नव्हेत. घाणीला उत्तर शौचकूप आणि नळ आहे. भीतीला उत्तर दिवा आणि राखणदार आहे. ही सर्व उत्तरे खर्चाची आहेत हे खरे. पण जाळी तरी कोठे फुकट बसते?

म्हणून आमची देवस्थानांच्या समित्यांना नम्र सूचना आहे की, पुढच्या वेळी जीर्णोद्धाराचा आराखडा सभेपुढे येईल तेव्हा शिखराच्या उंचीबरोबर ओसरीच्या उंबऱ्याचीही चर्चा व्हावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सभामंडपाबाहेरचा एखादा भाग रात्री उघडा ठेवता येईल काय, अग्रशाळेतील रिकाम्या खोल्यांपैकी एखादी रोग्याच्या नातलगाला देता येईल काय, जवळच्या सरकारी निवाऱ्याचा पत्ता फलकावर लिहिता येईल काय, हे प्रश्न इतिवृत्तात नोंदले जावेत. आणि ठरविण्याआधी, आज पायरीवर जो निजतो त्याला कोणी तरी जाऊन विचारावे की त्याला नेमके काय हवे आहे. ज्यांच्या कुलदेवतेला एके काळी नदी ओलांडून परक्या गावात रात्र काढावी लागली, त्यांना हा प्रश्न विचारणे जड जाऊ नये.